पाय फिरत होते, हात गप्प होता

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वाघबीळच्या उतारावर सायकल घसरली आणि माझं डावं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. दर रविवारी कोल्हापूर ते पन्हाळा जाऊन यायची सवय असलेल्या माणसाला सहा आठवडे घरात बसणं जड जातं. शेजाऱ्यांकडे एक व्यायामाची सायकल पडून होती, ती उचलून आणली आणि डावा हात झोळीत अडकवून रोज अर्धा तास पाय मारू लागलो. डोक्यात एकच गोष्ट होती : व्यायाम केला की रक्त सगळ्या अंगात जोरानं फिरतं, ते मोडक्या हातातही जाईल आणि हाड लवकर धरेल.

तिसऱ्या दिवशी सायकलवर बसून पाच मिनिटं झाली असतील. सहज प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांना हात लावला आणि चरकलो. बोटं गार होती आणि रंगही उतरला होता. प्लास्टर आवळतंय की काय, या भीतीनं खाली उतरलो. थोड्या वेळानं सुचलं की उजव्या हाताची बोटंही बघावीत. तीही गारच. प्लास्टर नसलेला, मांडीवर नुसता ठेवलेला हातही गार!

दुसऱ्या दिवशी मुद्दाम उतरलो नाही. पंधरा-वीस मिनिटांनी घाम फुटला तशी बोटं हळूहळू गुलाबी झाली, मग चक्क गरम झाली, आणि आता प्लास्टर आतून घट्ट वाटायला लागलं. मी शाळेत गणित शिकवतो. एखादी गोष्ट आधी उतरते आणि मग चढते, तेव्हा तिच्यामागे एक नाही, दोन कारणं असणार, एवढं मला कळत होतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नख दाबून बघितलं. दाबल्यावर पांढरं, सोडल्यावर लगेच गुलाबी. "बोटं हलतात ना? मुंग्या नाहीत ना? मग काळजी करू नका," म्हणाले. त्यांच्या दारात तीस माणसं ताटकळत होती, मी उठलो. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

दिवाळीत भाची आली. ती एका सरकारी मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजीत एमडी करते. फराळ करता करता मी तिला बोटांची गोष्ट सांगितली, तर हातातली चकली तशीच ठेवून ती म्हणाली, "मामा, माझा प्रबंधच यावर आहे. पायांनी व्यायाम चालू असताना स्वस्थ पडलेल्या हातात रक्त किती जातं. चाळिशीच्या पुढची निरोगी माणसं हवीत मला. येशील का?"

हाड भरून मनगट पूर्ण मोकळं झाल्यावर, फेब्रुवारीत, मी गेलो.

आधी ईसीजी, रक्तदाब, मग मराठीतलं संमतीपत्र. कधीही, कारण न सांगता, प्रयोग सोडता येईल असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद, सकाळी पोटभर खाणं बंद, आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम बंद. खोलीचं तापमान एसी लावून २५ अंशांवर धरलेलं, कारण खोली गार झाली की कातडीतल्या रक्तवाहिन्या मिटतात आणि गरम झाली की उघडतात. मग मोजायचं काय? कोपऱ्यात एक जुना, पितळी चकचकीत अर्गोग्राफ होता. इटलीतल्या तुरिनच्या आंजेलो मोस्सोंनी एकोणिसाव्या शतकात केलेलं यंत्र : एका बोटानं वजन ओढत राहायचं आणि स्नायू कसा थकतो ते कागदावर उमटतं. याच मोस्सोंनी माणसाचा हात पाण्यानं भरलेल्या काचेच्या नळकांड्यात ठेवून त्याचं आकारमान रक्ताबरोबर कमीजास्त होतं हे दाखवलं होतं. माझ्या हाताचं जे होणार होतं ते त्याच घराण्यातलं.

ती मोजणी कशी होते ते सांगतो, कारण ती मला अजून सुंदर वाटते. हात आडवा ठेवायचा, पण हृदयापेक्षा थोडा वर, उशीवर, म्हणजे शिरा आपोआप रिकाम्या राहतात. दंडाला रक्तदाबाचा पट्टा. कोपराच्या खाली जिथं हात सगळ्यात जाड असतो तिथं पाऱ्यानं भरलेली केसासारखी बारीक रबरी नळी वेटोळं घालून बसवायची. मनगटाला आणखी एक छोटा पट्टा. आता दंडाचा पट्टा पाऱ्याच्या ५० मिलिमीटरपर्यंत फुगवायचा. एवढ्या दाबाला शिरा बंद होतात, पण धमन्या होत नाहीत. म्हणजे रक्त हातात येतं आणि परत जाऊ शकत नाही. हात फुगायला लागतो. पाऱ्याची नळी ताणली जाते, तिचा विद्युतरोध वाढतो आणि पडद्यावर रेघ तिरकी वर चढते. दहा सेकंद फुगवायचं, पाच सेकंद सोडायचं. एका मिनिटात चार रेघा. रेघ जितकी उभी, तितकं रक्त जास्त येतंय. माणसाच्या हातावर ही पद्धत पहिल्यांदा १९०९ साली अमेरिकेत मिशिगनला वापरली गेली. तेव्हा पाऱ्याची नळी नव्हती, ती १९५३ साली आली.

मनगटाचा पट्टा मात्र २०० च्या वर फुगवतात, कारण पंजा म्हणजे बहुतेक कातडी आणि हाडं. त्याचं रक्त थंडीगरमीवर फार हेलकावे खातं. तो हिशेबातून बाहेर ठेवला की खाली राहतो तो कोपराखालचा हात, ज्यात स्नायू भरपूर असतो. पंजा मिनिटभर सुन्न पडतो, मुंग्या येतात. सवय होते.

भाचीनं आकडे सांगितल्यावर मी तिथंच हिशेब मांडला. स्वस्थ हातात दर १०० मिलिलिटर मांसामागे मिनिटाला साधारण ३ मिलिलिटर रक्त येतं. म्हणजे दहा सेकंदांत अर्धा मिलिलिटर, आकारमानात अर्धा टक्का. आकारमान घेराच्या वर्गाच्या प्रमाणात जातं, म्हणून घेरात वाढ पाव टक्का. माझ्या हाताचा घेर २६ सेंटिमीटर. पाव टक्का म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरासं जास्त. एवढ्या फरकावर सगळी गोष्ट उभी आहे! हात किंचित हलला, बोट जरी वळलं, तरी रेघ फिसकटते.

आणि पहिल्या दिवशी ती फिसकटलीच. आधीच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीतच माझा आकडा ५ च्या पुढे गेला. भाची गप्प बघत होती. मग म्हणाली, "मामा, तू घाबरलायस." मला वाटलं नव्हतं, पण छाती धडधडत होती हे खरं. मनावर ताण आला, कुणी तोंडी वजाबाक्या करायला लावल्या तरी कोपराखालच्या स्नायूंतलं रक्त वाढतं, हे जुनं सिद्ध झालेलं आहे. पुढे पाय मारताना मी नकळत डावी मूठ आवळत होतो, सायकलवाल्याची खोड. पडद्यावर डोंगरदऱ्या दिसत होत्या, रेघा कुठे नव्हत्याच. तिनं ती सगळी नोंद बाद केली. मला वाईट वाटलं, तिचा सबंध सकाळचा वेळ गेला होता. ती म्हणाली, "अरे, पहिल्या दिवसाची मी धरतच नाही. उद्या हात तुझा नाही असं समज. तो माझा आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीत अर्धा तास डोळे मिटून पडलो. एसीची घरघर, पट्ट्यात हवा भरण्याचा फुस्स आवाज, पुन्हा सुटण्याचा आवाज. नाडी ६६, रक्तदाब १२२/७८, हाताचा प्रवाह ३.०. एकसारख्या चार रेघा, पायऱ्यांसारख्या.

मग पाठ टेकून बसायच्या सायकलवर पाय सुरू. मिनिटाला साठ फेऱ्या, आधी ५० वॉट, तीन मिनिटांनी १००. डावा हात शेजारच्या उशीवर, माझा नसलेला.

पहिल्या दोन मिनिटांतच रेघा आडव्या व्हायला लागल्या. मला पडदा दिसेल असा ठेवला होता. पाय जोरात फिरतायत, नाडी शंभरावर, कानात ठोके ऐकू येतायत, आणि हाताची रेघ मात्र निजल्यासारखी. १०० वॉटला प्रवाह २.० वर आला आणि रक्तदाब १५८/८० झाला. दाब वाढला तर रक्त जास्त जायला हवं होतं. सरासरी दाब (खालचा आकडा, अधिक वरच्या-खालच्यातल्या फरकाचा तिसरा हिस्सा) ९३ वरून १०६ वर गेला आणि प्रवाह मात्र तिनावरून दोनावर आला, याचा अर्थ हातातली वाट जवळपास चाळीस टक्क्यांनी अरुंद झाली होती. कुणीतरी नळ आवळला होता.

तो कोण आवळतो, हे भाचीनं नंतर पायऱ्यांवर बसून समजावलं. स्वस्थ असताना हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकतं आणि त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा शरीरातल्या सगळ्या स्नायूंना मिळतो. मूत्रपिंडांना साधारण तेवढाच, आतडी-यकृताला त्याहून थोडा जास्त. दमवणाऱ्या व्यायामात हृदय २० ते २५ लिटरपर्यंत जाऊ शकतं आणि त्यातलं ८० टक्क्यांच्या वर एकट्या काम करणाऱ्या स्नायूंकडे वळतं. पण सगळ्याच स्नायूंच्या वाहिन्या एकदम सताड उघडल्या तर हृदयाला ते पुरवता येणार नाही. रक्तदाब कोसळेल, माणूस चक्कर येऊन पडेल. म्हणून मेंदू पाय हलवायचं ठरवतो तेव्हाच सिंपथेटिक चेतातंतूंवाटे, म्हणजे आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या तंतूंवाटे, अंगभर हुकूम सुटतो : वाहिन्या आवळा. पोटात, मूत्रपिंडात, कातडीत, स्वस्थ हातात.

"पायांना पण?" मी विचारलं.

"पायांना पण. हुकूम सगळ्यांनाच जातो. पण काम करणारा स्नायू तो जुमानत नाही."

काम करणाऱ्या स्नायूत ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड, पोटॅशियम, अडिनोसिन साठतं, वाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. ही सगळी द्रव्यं तिथल्या तिथं वाहिन्या उघडतात आणि वरून आलेल्या हुकमाची धार बोथट करतात. हातात काम नाही, म्हणून तिथं ही द्रव्यं साठत नाहीत, म्हणून हात हुकूम तंतोतंत पाळतो. हे ऐकल्यावर मी बराच वेळ बोललो नाही. प्लास्टरमध्ये अडकलेल्या माझ्या बोटांकडे रक्त पोचत नव्हतं, ते कुणी विसरलं म्हणून नव्हे. ते पायांसाठी बाजूला काढलं जात होतं, आणि त्यामुळेच माझा रक्तदाब टिकून होता.

सायकल थांबली नव्हती, हे सांगायचं राहिलं. १०० वॉटवर पुढे बारा-तेरा मिनिटांनी कपाळावर पहिला घाम आला. त्याच सुमाराला पडद्यावरची रेघ जागी झाली. २.०, मग २.६, मग ३.४. पंचविसाव्या मिनिटाला नाडी १३२ आणि हात ५.२. रेघ इतकी उभी की दहा सेकंदांत पडद्याच्या वर जाईल असं वाटावं. हा दुसरा कारभार. पाय उष्णता तयार करतायत, रक्त ती आत आणतंय, मेंदूतल्या तापमापकाला ठरावीक पातळी ओलांडलेली कळते आणि तो कातडीच्या वाहिन्या उघडतो, घाम सोडतो. हात आता रेडिएटरचं काम करतो. गंमत अशी की पाऱ्याच्या नळीला कातडी आणि स्नायू वेगळे दिसत नाहीत, तिला एकूण बेरीज दिसते. १९७० च्या दशकात अमेरिकेत जॉन्सन आणि रॉवेल या दोघांनी हे दोन वेगळे काढून दाखवले : लांबलेल्या पायांच्या व्यायामात हातातलं वाढलेलं रक्त कातडीचं असतं, खालचा स्नायू आवळलेलाच राहतो. म्हणजे प्लास्टरमधली माझी बोटं गरम झाली ती कातडीमुळे. हाडापर्यंत किती पोचलं, हे बोटांच्या रंगावरून सांगता येत नाही. माझी सहा आठवड्यांची समजूत तिथं मोडली. मोडली ते बरं झालं.

थांबल्यावर तिनं आणखी चाळीस मिनिटं नोंदी घेतल्या. हाताचा प्रवाह बराच वेळ तीनाच्या वर राहिला आणि रक्तदाब १११/७० वर उतरला, सकाळपेक्षा कमी. बेताच्या व्यायामानंतर काही तास असं राहणं नेहमीचं.

तिसऱ्या दिवशी वेगळा प्रयोग, छोटा पण जास्त दुखरा. आता पाऱ्याची नळी डाव्या पायाच्या पोटरीला आणि काम उजव्या हाताच्या मुठीला. सगळ्यात जास्त जोर ४२ किलोचा भरला, त्याच्या तीस टक्के, म्हणजे साडेबारा किलो, दोन मिनिटं दाबून धरायचे. सोपं वाटतं. दीड मिनिटानंतर हात थरथरायला लागतो. नाडी ८४, दाब १४२/९२. आणि सोडायच्या क्षणभर आधी भाचीनं माझ्या उजव्या दंडाचा पट्टा २२० पर्यंत फुगवला. मूठ सैल सोडली, पण हातातलं रक्त तिथंच कोंडलं.

यानंतरची दोन मिनिटं मी विसरणार नाही. हात काहीच करत नाहीये, तरी आतून जळतोय. नाडी अर्ध्या मिनिटात ६८ वर आली. वरचा दाब मात्र १३८ वरून हलेना. पोटरीचा प्रवाह वाढलेल्या दाबालाही तसूभर वाढला नाही, उलट किंचित उतरला. पाय तर पलंगावर निवांत पडलेला! कोंडलेल्या स्नायूतली द्रव्यं तिथल्या बारीक चेतातंतूंना डिवचत होती आणि ते मेंदूला सांगत होते, इथं रक्त कमी पडतंय, दाब वाढवा. त्याची किंमत माझी स्वस्थ पोटरी मोजत होती. १९३७ साली आलम आणि स्मर्क यांनी हे पहिल्यांदा दाखवलं. पट्टा सोडल्यावर हात लालबुंद झाला, बोटांच्या टोकांपर्यंत गरम लाट गेली, आणि दाब मिनिटभरात खाली.

जायच्या आधी तिच्या ओळखीच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी दुपारी अर्धा तास दिला. प्रबंधात हे नव्हतं, भाचीलाच बघायचं होतं. मी परत सायकलवर, आणि डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, धमनीवर, जेल लावलेला डॉपलरचा तुकडा, जो ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग आणि दिशा टिपतो. विश्रांतीत आवाज येत होता तो असा : एक जोरदार फटकारा, आणि त्याच्यामागे एक हलकीशी परतीची खरखर. पडद्यावर रेषेच्या वर मोठं टोक आणि रेषेखाली छोटंसं. रेषेखालचं म्हणजे ठोक्याच्या शेवटी थोडं रक्त उलट, हृदयाच्या दिशेनं, सरकतंय. पाय सुरू झाले तसं खालचं टोक वाढलं. प्रत्येक ठोक्याला रक्त पुढे येत होतं आणि पुढची वाट आवळलेली म्हणून बरंचसं मागे फिरत होतं. परतीची खरखर आता स्पष्ट ऐकू येत होती. धमनीच्या अस्तराला हे उलटसुलट घासणं मानवत नाही, सरळ पुढे वाहणारा जोरकस प्रवाह मानवतो, असं मॅडम म्हणाल्या. "मग हातासाठी सायकल वाईट?" मी घाबरूनच विचारलं. "थांबा की जरा," त्या म्हणाल्या, "घाम येऊ द्या."

मी पाय मारत राहिलो. महिनोन्‌महिने पायांचा व्यायाम करणाऱ्यांच्या हाताच्या धमनीचं अस्तरही सुधारतं, कधीच न हललेल्या हाताचं, हे हृदयविकाराच्या रुग्णांतही दिसलंय, असं भाची मागून सांगत होती. मला हे फार महत्त्वाचं वाटलं, कारण आमच्या घरात आईला पंचवीस वर्षांचा मधुमेह आहे, आणि तिचे हात सांध्यांमुळे व्यायाम करू शकत नाहीत, पाय मात्र करू शकतात. आता ती रोज संध्याकाळी खुर्चीत बसून पायाखाली ठेवायचं पेडल फिरवते. सुरुवातीला तिच्या डॉक्टरांना विचारून पाच मिनिटं होतं, आता वीस आहे. बोटं गार पडली म्हणून ती थांबायची, तेव्हा मी तिचं नख दाबून दाखवायचो.

अठराव्या मिनिटाला माझ्या हनुवटीवरून घामाचा थेंब पडला. पडद्यावर रेषेखालचं टोक आक्रसत गेलं. परतीची खरखर आधी बारीक झाली, मग एका ठोक्याला आली, एका ठोक्याला नाही. मॅडमनी आवाज वाढवला. आता फक्त फटकारे येत होते, एकामागून एक, सगळे पुढच्या दिशेचे, आणि उशीवर पडलेला माझा डावा हात गरम लागत होता.